डीएफआय लॅनपार्टी एनएफ४ अल्ट्रा-डी : व्होल्टेजची मोकळीक आणि डिस्कांची जोखीम

डीएफआय कंपनीचा लॅनपार्टी यूटी एनएफ४ अल्ट्रा-डी हा मदरबोर्ड २००५ साली बाजारात आला. आज तो घ्यायचा तर जुन्या मालातच शोधावा लागतो, आणि शोधणारा बहुधा विंडोज एक्सपीच्या काळातला संगणक पुन्हा उभा करण्याच्या छंदातला असतो. एनव्हिडियाचा एनफोर्स ४ अल्ट्रा चिपसेट (प्रोसेसरला डिस्का आणि इतर भागांशी जोडणारी मुख्य चिप), एएमडीचे ९३९ पिनांचे सॉकेट, डीडीआर रॅमचे चार स्लॉट आणि अतिनील दिव्याखाली चमकणारे पिवळे-नारिंगी प्लास्टिक ही त्याची ओळख शौकिनांना पाठ आहे. चिपवरचे दोन सूक्ष्म बिंदू जोडून अल्ट्रा चिपसेटला एसएलआय, म्हणजे दोन ग्राफिक्स कार्डे एकत्र चालवणारा, बनवण्याची करामतही याच बोर्डामुळे गाजली. त्याच्या वेगाविषयी त्या वेळी भरपूर लिहून झाले आहे, म्हणून येथे मी दोनच बाबींकडे पाहणार आहे : बायोसमधून (बोर्डात साठवलेल्या, संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून) देता येणारी व्होल्टेज आणि चिपसेटच्या रेड सुविधेवर (अनेक डिस्का एकीसारख्या चालवण्याच्या सोयीवर) बांधलेले हार्ड डिस्कांचे अ‍ॅरे. माहितीपुस्तिकेत या दोन बाबी स्वतंत्र प्रकरणांत येतात. प्रत्यक्ष वापरात मात्र त्या वेगळ्या राहत नाहीत, आणि अ‍ॅरे तुटल्याची तक्रार घेऊन बसलेल्या माणसाला उत्तर पुष्कळदा व्होल्टेजच्या पानावर सापडते.

आधी व्होल्टेजविषयी, कारण हा बोर्ड विकत घेण्याचे खरे कारण तेच आहे. अ‍ॅबिटमधून डीएफआयमध्ये आलेल्या ऑस्कर वू या अभियंत्याच्या हाताखाली या मालिकेचे बायोस घडले, आणि ते पाहिले की हे पान एखाद्या शौकिनाने शौकिनांसाठी मांडले आहे याची खात्री पटते. ‘जीनी बायोस सेटिंग’ या पानावर प्रोसेसर, रॅम, चिपसेट आणि प्रोसेसर व चिपसेट यांना जोडणारा हायपरट्रान्सपोर्ट दुवा या चौघांची व्होल्टेज वेगवेगळी देता येतात. रॅमच्या टायमिंगचे (ती किती ठोक्यांत प्रतिसाद देते ते ठरवणाऱ्या आकड्यांचे) पान तर इतके लांब आहे की त्यातील निम्म्या नोंदींची नावेही इतर बोर्डांवर त्या काळी दिसत नसत.

प्रोसेसरच्या व्होल्टेजची रचना जरा विचित्र आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. मूळ व्होल्टेज एका ओळीत निवडावे लागते, आणि त्याखालच्या ओळीत त्याला टक्केवारीने गुणता येते. १०४, ११३, १२३, १३६ अशा पायऱ्या तेथे मिळतात. मूळ १.४२५ व्होल्ट ठेवून १०४ टक्के निवडले तर प्रोसेसरला सुमारे १.४८ व्होल्ट मिळतात, आणि टक्केवारीला हात न लावता १.४७५ निवडले तरी जवळपास तेवढेच मिळतात. दोन वाटांनी एकाच ठिकाणी जाण्याची ही सोय सुखाची वाटते, पण तिच्यात एक धोका दडलेला आहे. कोणी आधी टक्केवारी १२३ वर नेऊन ठेवली असेल आणि नंतर ते विसरून मूळ आकडा १.५० केला, तर प्रोसेसरवर १.८५ व्होल्टच्या आसपास पडतात. एएमडीच्या नव्वद नॅनोमीटरच्या व्हेनिस (अथलॉन ६४) प्रोसेसरचे मूळ व्होल्टेज १.४० च्या घरात असते, हे लक्षात घेतले म्हणजे या चुकीची किंमत कळते. जुना बोर्ड हातात येताच आधीच्या मालकाने ठेवलेली प्रत्येक नोंद पुसून टाकावी असे मी सांगतो, ते मुख्यतः या ओळीमुळे.

रॅमच्या व्होल्टेजबाबत हा बोर्ड आपल्या पिढीत जवळजवळ एकटाच उभा होता. डीडीआर ४०० रॅमला नियमाने २.६ व्होल्ट लागतात. येथे ते ४.० व्होल्टपर्यंत नेता येतात. त्यासाठी बोर्डावर एक जंपर, म्हणजे पिना जोडणारी छोटी टोपी, आहे. तो नेहमीच्या जागी असताना रॅमचा पुरवठा एसएमपीएसच्या (वीजपुरवठ्याच्या पेटीच्या) ३.३ व्होल्टच्या वाहिनीवरून होतो, म्हणून ३.२ च्या वर जाता येत नाही. जंपर हलवून ५ व्होल्टची वाहिनी जोडली की वरचा पल्ला खुला होतो. ही चैन विनबाँडच्या बीएच-५ चिपांसाठी होती, कारण त्या चिपा २-२-२ अशा कडक टायमिंगवर वेग वाढवताना ३.२ ते ३.५ व्होल्ट मागतात आणि मिळाले की खरोखर धावतात. सॅमसंगच्या टीसीसीडी चिपांचा स्वभाव याच्या अगदी उलट आहे. त्या २.६ ते २.८ व्होल्टवर टायमिंग सैल करून वर चढतात, आणि त्यांना जादा व्होल्टेज देण्याने चुका कमी होण्याऐवजी वाढतात. म्हणून रॅमच्या पट्टीवरील हीट स्प्रेडरखाली कोणती चिप आहे हे माहीत नसताना नुसते व्होल्टेज वाढवत जाणे व्यर्थ आहे. शिवाय अ‍ॅथलॉन ६४ मध्ये रॅमचा नियंत्रक प्रोसेसरच्याच पोटात असल्याने रॅमला दिलेला भार प्रोसेसरच्या त्या भागालाही सोसावा लागतो. ३.२ च्या वर जायचे असेल तर रॅमवर पंखा हवाच. त्या काळची बहुतेक परीक्षणे थंड देशांतील खोल्यांत झाली होती. नागपुरात मे महिन्यात हाच खेळ खेळणाऱ्याने त्यांतील आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

बायोसमध्ये दिसणारे आकडे आणि प्रत्यक्ष व्होल्टेज यांत फरक असतो, म्हणून या बोर्डाबरोबर मल्टिमीटर जवळ हवा. काळी तार एसएमपीएसच्या चार पिनांच्या मोकळ्या कनेक्टरमधील काळ्या वायरवर आणि लाल तार क्रमाने पिवळ्या व लाल वायरवर टेकवली की १२ आणि ५ व्होल्टच्या वाहिन्या मोजता येतात, ३.३ साठी २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये मागच्या बाजूने नारिंगी वायरीशी सळई सरकवावी लागते. एटीएक्स प्रमाणानुसार या वाहिन्यांना ५ टक्क्यांची मुभा आहे, म्हणजे १२ ची वाहिनी ११.४ च्या खाली आणि ३.३ ची ३.१३५ च्या खाली जाता कामा नये. मोजणी संगणक निवांत असताना करून उपयोग नाही. प्राइम९५ (प्रोसेसरवर भार टाकणारा चाचणी प्रोग्रॅम) चालू असताना आणि डिस्कांवर मोठी फाइल उतरत असताना आकडा किती घसरतो ते पाहावे. माझ्याकडे मिररमधील (एकच मजकूर दोन डिस्कांवर ठेवणाऱ्या जोडीतील) एक डिस्क अधूनमधून गळून पडत होती, तेव्हा दोष डिस्कचा निघाला नाही. भार पडताच १२ व्होल्टची वाहिनी ११.३ वर उतरत होती आणि डिस्कची मोटर त्या क्षणी मंदावत होती. एसएमपीएस बदलल्यावर तीच डिस्क त्याच केबलवर मुकाट्याने काम करू लागली. बोर्डाला वीज चार ठिकाणांहून द्यावी, म्हणजे २४ पिनांच्या आणि प्रोसेसरच्या १२ व्होल्टच्या कनेक्टरबरोबरच हार्ड डिस्कचा आणि फ्लॉपीचा कनेक्टरही बोर्डावर जोडावा, ही माहितीपुस्तिकेची सूचना अनेक जण अनावश्यक समजून टाळतात. ती टाळू नये.

आता डिस्कांकडे वळू. एनफोर्स ४ अल्ट्रामध्ये साटाची, म्हणजे डिस्क जोडण्याची, चार पोर्ट आहेत आणि त्यांवर रेड ० (वेगासाठी मजकूर डिस्कांत विभागणारा), रेड १ (मिरर) व रेड ०+१ (दोन्हींचा मेळ) यांची सोय आहे. रेड ५ नाही. मांडणीची पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी बायोसमध्ये रेड चालू करून कोणती पोर्ट त्यात घ्यायची ते एकेक करून ठरवावे लागते, आणि मग संगणक सुरू होताना एफ१० दाबून एनव्हिडियाच्या निळ्या पडद्यावर अ‍ॅरे बांधावा लागतो. विंडोज एक्सपी बसवताना एफ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावे लागतात, आणि येथे नवख्याची हटकून फसगत होते, कारण यादीतून एक ड्रायव्हर निवडून भागत नाही. रेड क्लास ड्रायव्हर आणि स्टोरेज कंट्रोलर असे दोन्ही एकापाठोपाठ निवडावे लागतात. एकच निवडला तर विंडोजला अ‍ॅरे दिसत नाही, किंवा स्थापनेच्या मध्यावर निळा पडदा येतो, आणि माणूस बिचारा डिस्कांवर संशय घेत बसतो.

एवढे झाल्यावर वेगाच्या बाबतीत तक्रार नाही. मिनिटाला दहा हजार फेऱ्यांच्या दोन रॅप्टर (वेस्टर्न डिजिटलच्या) डिस्कांचा रेड ० हा त्या काळचा मानाचा जोड होता आणि या बोर्डावर तो आजही चपळ वाटतो. पण हे हार्डवेअर रेड नव्हे. सगळे काम ड्रायव्हर आणि प्रोसेसर करतात, चिपसेट फक्त पोर्ट पुरवतो आणि अ‍ॅरेची नोंद डिस्कांच्या शेवटच्या भागात लिहून ठेवली जाते. अडचण शोधताना ही शेवटची गोष्ट फार उपयोगाची ठरते.

समजा, रॅमचे व्होल्टेज किंवा टायमिंग चुकले, संगणक उठेना, आणि तुम्ही सीमॉस (बायोसच्या नोंदी जपणारी स्मृती) पुसले. संगणक उठतो, पण अ‍ॅरे गायब असतो आणि बूट डिस्क सापडत नाही असा संदेश येतो. पुष्कळ जण येथे घाबरून एफ१० च्या पडद्यावर जातात आणि अ‍ॅरे नव्याने बांधतात, आणि खरे नुकसान तेथे होते. प्रत्यक्षात काहीही तुटलेले नसते. सीमॉस पुसल्यावर रेडची नोंद मूळ स्थितीला, म्हणजे बंद अवस्थेला जाते, एवढेच घडलेले असते. तीच पोर्ट पुन्हा रेडमध्ये घेतली की डिस्कांवरच्या नोंदीवरून अ‍ॅरे जसाच्या तसा उभा राहतो. वीस वर्षांच्या बोर्डावर हाच प्रकार सीमॉसचा सेल संपल्यामुळेही होतो. रात्री मुख्य बटण बंद केले, सकाळी अ‍ॅरे नाही आणि घड्याळही मागे गेले आहे, असे दिसले तर डिस्कांना हात लावण्याआधी सीआर२०३२ चा नवा सेल घालावा. रेड बंद असलेल्या अवस्थेत मात्र मिररच्या डिस्कांवर काहीही लिहिले जाऊ देऊ नये. दुसऱ्या कोणत्या डिस्कवरून विंडोज उठवले आणि त्याने मिररमधील एका डिस्कवर स्वतःहून दुरुस्ती सुरू केली, की दोन जुळ्या प्रती वेगळ्या होतात, आणि पुढे रेड चालू केल्यावर त्यांतली खरी कोणती हे सांगणारे कोणी उरत नाही.

एफ१० च्या पडद्यावर अ‍ॅरेपुढे ‘डिग्रेडेड’ (एक डिस्क गळाल्याची खूण) असा शब्द दिसला तर गोष्ट निराळी. येथेही पहिला प्रश्न डिस्क खराब आहे का हा नसून, डिस्क का गळाली हा आहे. संशयित डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला साध्या पोर्टवर जोडावी आणि तिच्या स्मार्ट नोंदी, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या, वाचाव्यात. पाचव्या आणि १९७ व्या क्रमांकाच्या नोंदी, म्हणजे बदललेले आणि प्रलंबित सेक्टर, शून्याहून वर चढत असतील तर डिस्क खरोखर म्हातारी झाली आहे. त्या दोन्ही शून्य असून १९९ ची, म्हणजे केबलवरून मजकूर जाताना झालेल्या (सीआरसी) चुकांची नोंद वाढत असेल, तर दोष डिस्कच्या बाहेर आहे. पहिला संशय केबलवर घ्यावा, कारण त्या काळच्या साटा केबलांना पकडून ठेवणारी पट्टी बहुधा नसे आणि त्या जराशा धक्क्याने सैल होत. दुसरा संशय चिपसेटच्या तापमानावर. या बोर्डाचा चिपसेट ग्राफिक्स कार्डाच्या अगदी खाली येतो, त्यावर एक छोटा पंखा आहे, आणि मोठे कार्ड लावले की त्याला गरम हवाच मिळते. जुन्या बोर्डावरचा पंखा अडकतो आहे का हे बोटाने फिरवून पाहावे, हीट सिंक उतरवून वाळलेली पेस्ट बदलावी, आणि चिपसेटचे व्होल्टेज कोणी १.५ वरून वर नेले असेल तर ते परत खाली आणावे. बरेच जण ते वाढवतात, पण त्याने वाढणारी उष्णता पाहता तो सौदा मला पटलेला नाही.

तिसरा संशय हायपरट्रान्सपोर्ट दुव्यावर घ्यावा. डिस्कवरून आलेला प्रत्येक बाइट चिपसेटमधून या दुव्यावरून प्रोसेसरच्या रॅम नियंत्रकाकडे जातो. मूळ घड्याळ २०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ५ असताना दुवा १००० वर चालतो. घड्याळ २८० केले आणि गुणक पाचच राहिला, तर दुवा १४०० वर ओढला जातो. तो उठतो कधी कधी, पण भरवशाचा राहत नाही. गुणक ३ केला की दुवा ८४० वर येतो आणि वेगात जाणवण्यासारखा फरक पडत नाही. अशाच प्रकारे, नऊ गुणकाच्या व्हेनिसला २८० घड्याळावर २५२० मेगाहर्ट्झवर चालवताना रॅमला १६६ चा विभाजक (तिला मूळ घड्याळापेक्षा हळू चालवणारी नोंद) दिला तर ती २२९ वर चालते, हे गणित कागदावर मांडून घेतले म्हणजे कोणता घटक मर्यादेबाहेर आहे ते कळते.

मॅक्स्टरच्या डायमंडमॅक्स १० मालिकेतील डिस्कांचे एनफोर्स ४ शी फारसे पटत नसे हे त्या काळी सर्वश्रुत होते. अशी डिस्क असेल तर डिव्हाइस मॅनेजरमधील कमांड क्यूइंगची (आज्ञा रांगेत लावून पार पाडण्याच्या सोयीची) खूण काढून पाहणे आणि शक्य तर ती अ‍ॅरेत न घेणेच बरे.

सर्वांत वाईट प्रकार मात्र डिग्रेडेड हा शब्द न दिसता होतो. रॅम अर्धवट स्थिर असेल, म्हणजे खेळ चालतात, विंडोज चालते, पण तासाभरात एखादा बिट उलटतो, तर लिहिली जाणारी फाइल रॅममध्येच बिघडते आणि मिररच्या दोन्ही डिस्कांवर तीच बिघडलेली प्रत निष्ठेने उतरते. अ‍ॅरे निरोगी असल्याचे सांगत राहतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असते. मिरर एका डिस्कच्या मरणापासून वाचवतो, चुकीच्या मजकुरापासून नाही. या बोर्डाच्या बायोसमध्येच मेमटेस्ट८६+ हा रॅमची चाचणी घेणारा प्रोग्रॅम घातलेला आहे, आणि मला विचाराल तर ती या बोर्डाची सर्वांत उपयुक्त सोय आहे. व्होल्टेज किंवा टायमिंगला हात लावल्यावर विंडोज उठण्याआधीच, डिस्कवर एक अक्षरही लिहिले जाण्याआधी, रात्रभर तो चालवता येतो. त्यात एकही चूक चालत नाही. ‘फक्त एकच आली’ असे म्हणून पुढे जाणाऱ्याने अ‍ॅरे बांधू नये.

यावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. आधी एका साध्या, बिनमहत्त्वाच्या डिस्कवर विंडोज बसवून सगळी व्होल्टेज, घड्याळे आणि टायमिंग पक्की करावीत. मेमटेस्ट आणि प्राइम९५ दोन्ही पार पडावेत. मग त्या नोंदी सीमॉस रिलोडेड या सोयीत जतन कराव्यात आणि त्यानंतरच रेडला हात घालावा. तुटलेला मिरर पुन्हा भरून घ्यायचा असेल तर आधी सर्व काही मूळ वेगावर आणि मूळ व्होल्टेजवर आणावे. कारण पुनर्बांधणीची आज्ञा एफ१० च्या पडद्यावर दिली जात असली तरी प्रत्यक्ष काम विंडोज उठल्यावर ड्रायव्हर करतो, आणि त्या वेळी चांगल्या डिस्कवरचा प्रत्येक बाइट याच रॅममधून आणि याच दुव्यावरून दुसऱ्या डिस्ककडे जात असतो.

बोर्डच मेला तर काय, हा प्रश्न रास्त आहे. रेड १ मधली एकेक डिस्क दुसऱ्या संगणकावर वाचता येते, आणि रेड ० साठी लिनक्सवरील डीएमरेड हे साधन एनव्हिडियाची नोंद ओळखते, त्यामुळे दुसरा एनफोर्स बोर्ड मिळेपर्यंत थांबावे लागत नाही. तरीही ज्याची दुसरी प्रत नाही असे काहीही मी या बोर्डाच्या अ‍ॅरेवर ठेवणार नाही, आणि कोणाला ठेवू देणार नाही. व्होल्टेजच्या बाबतीत मात्र याला मी बिनतक्रार वरचा क्रमांक देतो. आजच्या बोर्डांवर रॅमचे व्होल्टेज दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत देता येत असले, तरी जुन्या चिपांना इतक्या उंचीवर नेणारा बोर्ड ९३९ सॉकेटवर दुसरा शोधणे कठीण आहे. ज्याला रॅमशी खेळायचे आहे त्याने तो घ्यावा. ज्याला केवळ जुने खेळ चालवायला आणि फोटो साठवायला एक्सपीचा संगणक हवा आहे, त्याने एखादा साधा बोर्ड आणि एकच नवी डिस्क घ्यावी, म्हणजे पैसेही वाचतील आणि झोपही लागेल.

डीएफआय आता औद्योगिक संगणकांचे बोर्ड बनवते, तेव्हा कंपनीकडून सुट्या भागांची अपेक्षा नको. घेण्याआधी विक्रेत्याला बोर्ड चालू करून दाखवायला सांगावे आणि कोपऱ्यातील चार दिव्यांकडे पाहावे. चारही पेटून राहिले तर प्रोसेसर ओळखला गेलेला नाही, तीन राहिले तर तो ओळखला गेला पण रॅम नाही, दोन राहिले तर ग्राफिक्स कार्डापाशी गाडी अडली आहे, आणि सगळे विझले तर बोर्ड उठला. कॅपॅसिटरची डोकी सपाट असावीत, सॉकेटजवळच्यांची विशेषतः. रॅम नारिंगी स्लॉटांत लावून पाहावी, कारण दोन पट्ट्यांसाठी याच जागा योग्य आहेत, आणि विक्रेत्याने ती पिवळ्यांत लावून ‘चालत नाही’ म्हणून किंमत कमी ठेवली असेल तर घासाघीस न करता बोर्ड घेऊन टाकावा.